वेताळाची गादी आणि आपली प्रतिज्ञा

कॉमिक्सवर लिहायचं? या पानांवर? अत्याचाराच्या बातम्या संपल्या काय? असं विचारणारे दोनचार शहाणे आपल्यातही निघतील. त्यांना आधीच सांगतो, बाबांनो, तुमची कविता कवीच वाचतात. तुमचं वैचारिक पुस्तक ज्याला आधीच पटलेलं असतं तोच विकत घेतो. पण वेताळ, नागराज, डोगा, स्पायडरमॅन ही नावं कुठल्याही वस्तीतल्या शेंबड्या पोराला विचारा. शंभर भाषणांनी जे डोक्यात शिरत नाही ते बत्तीस रंगीत पानं गुपचूप शिरवून जातात. शत्रू कुठून घरात घुसतो ते बघायचं असेल तर खिडकीकडे बघा, प्रत्येक वेळी दारच फोडतो असं नाही.

नागपूरचं पोरगं तर दोन्ही बाजूंनी सापडलं. घरी मराठी, चौकात हिंदी. म्हणून मुंबईचं 'इंद्रजाल' त्याच्यापर्यंत पोचलं आणि दिल्लीचं 'राज कॉमिक्स'ही पोचलं. सीताबर्डीच्या फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग, स्टेशनवरचा स्टॉल, मोहल्ल्यातलं भाड्याने पुस्तकं देणारं दुकान, हीच त्याची लायब्ररी. पुढे टीव्ही आला, मग मोबाइल आला. ढीग गेले, हीरो राहिले.

तेव्हा मला प्रश्न एकच विचारायचाय. हीरो उडतो कसा, भिंतीवर चढतो कसा, ते सोडा. त्याला ही ताकद मिळाली कुठून? आणि त्याच्यामागे ती जाते कोणाकडे? हा प्रश्न टाकला की कॉमिक्सचं पोट फाटून आतलं बाहेर येतं. आणि थोडंफार आपलंही येतं. त्याचीही तयारी ठेवा.

*

वेताळापासून सुरू करू. मूळ नाव फँटम. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १९३६च्या फेब्रुवारीत त्याला वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत उभा केला. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ला आला. म्हणजे अंगाला घट्ट चिकटलेला पोशाख घालून न्याय वाटत फिरणाऱ्यांच्या घराण्यात वेताळ थोरला.

गोष्ट माहीतच आहे. १५३६ साली समुद्री चाचे एक जहाज लुटतात. कप्तान मरतो. त्याचा गोरा पोरगा तेवढा वाहत किनाऱ्याला लागतो. जंगलातले बुटके 'बांदार' लोक त्याला उचलतात, खाऊपिऊ घालतात, जगवतात. पोरगा बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतो की मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढू. तेव्हापासून बाप मेला की पोरगा मुखवटा चढवतो. जंगलातल्या लोकांना वाटतं हा एकच माणूस, मरतच नाही. आपण वाचतो तो एकविसावा.

एकविसावा! मित्रांनो, याला आपल्याकडे काय म्हणतात? वतन म्हणतात. पाटलाचा पोरगा पाटील, कुळकर्ण्याचा कुळकर्णी आणि महाराच्या पोराच्या नशिबी महारकी. हे वतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. आणि इकडे अमेरिकेतून एक वतनदार येतो, कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसतो, आणि आपली पोट्टी त्याच्या कवटीच्या अंगठीचा ठसा बेंचवर पेनाने काढत बसतात.

आता त्या बांदारांकडे बघा. ज्यांनी जीव वाचवला ते चारशे वर्षं काय करताहेत? गुहेबाहेर पहारा देताहेत. जंगल त्यांचं, वाटा त्यांच्या पायाखालच्या, विषारी बाण त्यांचे. ज्या बाणांना सगळं जंगल भितं ते बाण त्यांच्या हातात आणि गादी त्याच्याकडे. राजे आले, राजे गेले, गादी कधी बांदाराकडे गेली नाही. त्यांच्या तोंडी काय? जंगलातल्या म्हणी. आणि प्रत्येक म्हणीत स्तुती वेताळाची. बांदाराला भूक लागते का, त्याचं वेताळाशी कधी भांडण होतं का, त्याच्या पोराला शाळेत जायचंय का, यावर म्हण नाही.

हा माल आपल्याकडे आणला कोणी? बेनेट कोलमनने. टाइम्स ऑफ इंडियाचं घर. मार्च १९६४ मध्ये मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला, तो वेताळाचाच. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि आणखी भाषांत मिळून सव्वीस वर्षं हे दुकान चाललं. १९९०ला बंद पडेस्तोवर आठशेवर अंक निघाले.

आणि यात एक गंमत आहे, ती नीट बघा. मूळ गोष्टीत वेताळाचा मुलूख बंगालच्या नावाचा होता. चाच्यांच्या टोळीचं नाव होतं 'सिंग'. बापाच्या खुन्याचं नाव होतं 'राम'. मुंबईच्या संपादकांनी काय केलं? मुलखाचं 'डेंकाली' केलं. 'सिंग'चं 'सिंगा' केलं. 'राम'चं 'रामालु' केलं. का? तर वाचकाच्या भावना दुखावू नयेत. म्हणजे संपादकाला डोळे होते, कान होते, नावात काय असतं ते कळत होतं. खुनी 'राम' चालत नाही हे त्याला एका झटक्यात कळलं. पण 'बांदार' चालले! जंगलातल्या काळ्या बुटक्या माणसांना ऐकायला माकडासारखं वाटणारं नाव आहे, हे हिंदी-मराठी वाचकाला ऐकू येणार नाही काय? आलं असेल. पण त्या वाचकात भावना दुखावण्याइतका माणूस आहे असं कोणाला वाटलं नाही.

बरं, नाव ठेवलं 'वेताळ'. हा वेताळ कोण? गावच्या वेशीवरचा देव. दगडाला शेंदूर फासलेला, रात्री भुतांची पालखी घेऊन फिरणारा. गावाबाहेरच्या वस्तीचा तो शेजारी. वेशीबाहेरच्या देवाचं नाव घेतलं आणि जांभळ्या पोशाखातल्या गोऱ्या वतनदाराला चिकटवलं. वेशीबाहेरची माणसं मात्र पहाऱ्यालाच राहिली. यालाच आपल्याकडे संस्कृती म्हणतात.

*

मग देशी हीरो आला. १९७६ साली आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला 'बहादूर'. कुर्ता आणि जीन्स. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. पोरगं सूड घ्यायला निघतं. इथपर्यंत वाचताना वाटतं, आता काहीतरी होणार. डाकू का झाला, जमीन कोणी खाल्ली, ठाण्यात काय झालं, ते आता निघणार. पण पोराचं मन पालटतं. ज्या पोलिसावर सूड घ्यायचा त्याच्याच बाजूला तो उभा राहतो आणि 'नागरिक सुरक्षा दल' काढतो. साल बघा, १९७६. देशात आणीबाणी. विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. आणि कॉमिक्समधला डाकूचा पोरगा पोलिसांना मदत करायला नागरिकांचं दल बांधतोय. लेखकाने ठरवून केलं असं मी म्हणत नाही. ठरवावं लागत नाही, हाच तर मुद्दा आहे.

इंद्रजाल सुरू करण्यात ज्यांचा हात होता ते अनंत पै टाइम्स सोडून गेले आणि १९६७ साली इंडिया बुक हाउसकडून 'अमर चित्र कथा' घेऊन आले. तक्रार अशी की आपल्या मुलांना परदेशी गोष्टी ठाऊक, आपल्या ठाऊक नाहीत. तक्रार खरी. पण 'आपल्या' म्हणजे कोणाच्या? राम वाईरकरांनी काढलेला 'कृष्ण' आला. मागोमाग अवतार, ऋषी, राजे, राण्या यांची रांग लागली. यांना ताकद कुठून मिळाली? गर्भातून. आकाशवाणी होते, पुष्पवृष्टी होते, पोरगं जन्मतानाच मोठं असतं. सुपरमॅनला निदान दुसऱ्या ग्रहावरून यावं लागलं. आपल्या अवताराला फक्त योग्य घरात जन्मावं लागतं.

त्या रांगेत बुद्ध आला, चोखामेळा आला, आणि १९७९ साली बाबासाहेब आले. एस. एस. रेगे यांनी लिहिलेलं, दिलीप कदमांनी काढलेलं. मालिका सुरू झाल्यावर बारा वर्षांनी. आता कोणी म्हणेल, आले ना? मग रडता कशाला? रडत नाही. ज्या घरांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागणं शक्य नव्हतं त्या घरांत ते पुस्तक परशुरामाच्या शेजारी बसून आलं. एखाद्या ब्राह्मणाच्या पोराने ते वाचलं असेल आणि बापाला अवघड प्रश्न विचारला असेल. तेवढं काम त्याने केलं, ते मी नाकारत नाही.

पण साचा बघा. बत्तीस पानं, एक माणूस. बालपण, अपमान, अभ्यास, विलायत, विजय. हाच साचा राजाला, हाच संताला, हाच बाबासाहेबांना. या साच्यात महाडचं काय होतं? २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी हजारोंनी ओंजळीत घेतलं. ही जगातली केवढी गोष्ट! पण एका हीरोच्या साच्यात हजारो माणसं मागच्या रांगेतली ठिपके होतात. चेहरा नाही, नाव नाही, बोलण्याचा फुगा नाही. फुगा ज्याला तो माणूस, बाकीचा देखावा. बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पत्राचं नाव 'मूकनायक' ठेवलं ते उगाच नाही. फुगा कोणाला द्यायचा, याचीच ती लढाई होती. त्या मुक्यांना कॉमिक्सने पुन्हा मुकं करून मागे उभं केलं.

*

दिल्लीकडे या. १९८६ साली राज कॉमिक्सचा नागराज आला. परशुराम शर्मांनी लिहिलेला आणि पहिल्यांदा काढलेला आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांनी, ज्यांनी अमर चित्र कथेसाठी ढीगभर देव-राजे काढले होते. हा नागराज मात्र गर्भातून आला नव्हता. एका हरामखोर प्रोफेसरने त्याला अतिरेक्यांना विकायचं हत्यार म्हणून तयार केला होता. प्रयोगशाळेतला गुलाम. बाबा गोरखनाथ त्याच्या डोक्यातली ताबा ठेवणारी कॅप्सूल काढतात आणि तो मालकावर उलटतो. वा! मालकाने बनवलेलं हत्यार मालकावर उलटलं. ही आपली गोष्ट होती.

पुढे काय झालं? पुढच्या कथांत उघडकीला आलं की नागराज प्रयोगशाळेतला नाहीच. तो तक्षकराज राजाचा पोरगा. राजघराणं, कुलदैवत, खजिना, सगळं निघालं. म्हणजे अंक खपायला लागले, हीरो मोठा झाला, तसं त्याला वंशावळ शोधून दिली. एवढी ताकद बिनखानदानी माणसात असेल हे आपल्या देशात कोणाला पटत नाही. शिवाजीराजांच्या राज्याभिषेकालाही आधी वंशावळ लागली होती. १६७४ असो की कॉमिक्स असो, भटाची सही लागतेच.

त्यातल्या त्यात बरा सुपर कमांडो ध्रुव. १९८७ला अनुपम सिन्हांनी आणला. सर्कसमध्ये वाढलेला पोरगा, अंगात चमत्कार काही नाही, डोकं आणि मेहनत. त्यालाही शेवटी पोलीस कमिशनरच्या घरी दत्तक जावं लागलं. आणि डोगा. नव्वदीच्या सुरुवातीचा, मुंबईचा. कचऱ्याच्या ढिगात टाकलेलं बाळ. कुत्र्यांची भाषा कळणारा. बापाचं नाव नाही, जात नाही. वस्तीतल्या पोरांना तो का आवडला हे समजावून सांगायची गरज नाही. पण डोगा काय करतो? रात्री एकटा निघतो, बंदूक चालवतो, गुंड मारतो, सकाळी मुंबई तशीच. कचऱ्यात बाळ टाकायची वेळ कोणावर आणि का आली, कचरा उचलणारे हात कोणाचे, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. राग आपला घेतला आणि रस्ता एकट्याचा दिला. रागाचं वाटोळं करायला एवढं पुरतं.

*

आता आपल्याच नावाकडे या. पँथर.

जुलै १९६६ची तारीख असलेल्या 'फँटॅस्टिक फोर'च्या बावन्नाव्या अंकात मार्व्हल कंपनीच्या स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'ब्लॅक पँथर' आणला. टीचाला, वाकांडा नावाच्या आफ्रिकी देशाचा राजा. त्याच साली ऑक्टोबरात ओकलंडला ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. पक्षाने चिन्ह कॉमिक्समधून घेतलं नव्हतं. ते अलाबामातल्या काळ्या मतदारांच्या लढ्यातून आलं होतं. पण नाव एक झालं आणि कंपनीला घाम फुटला. १९७२च्या सुरुवातीला एका अंकात टीचाला सांगतो की मी आता 'ब्लॅक लेपर्ड'. पँथर म्हटलं की लोकांना तो पक्ष आठवतो ना!

१९७२! त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिकडे करोडोंची कंपनी ते नाव झटकून टाकायला बघत होती आणि इकडे ढाले, ढसाळ, ज. वि. पवार यांच्यासारख्या चाळी-झोपड्यांतल्या पोरांनी ते छातीवर लावलं. कागदावरच्या वाघाला नाव जड झालं होतं.

लेपर्डचं ते सोंग फार टिकलं नाही. १९७३ पासून 'जंगल ॲक्शन' नावाच्या अंकात डॉन मॅकग्रेगर या गोऱ्या लेखकाने आणि पुढे बिली ग्रॅहम या काळ्या चित्रकाराने पँथरची सलग तेरा अंकांची कथा चालवली. जवळजवळ सगळी पात्रं काळी. त्यात किलमाँगर आला. वाकांडाचंच पोरगं, परक्यांनी उचलून नेलेलं, हार्लेममध्ये वाढलेलं, परत येऊन राजाला विचारणारं की तू जगभर हिंडत होतास तेव्हा आमचं काय झालं? शेवटी किलमाँगरला कड्यावरून ढकलतं कोण? राजा नाही. गावातलं एक लहान पोर. कॉमिक्सच्या इतिहासात राजा हरून जमिनीवर पडलाय आणि प्रजेतलं पोर पुढे आलंय असं किती वेळा झालं?

त्यानंतर १९७६ला मॅकग्रेगरने पँथरला अमेरिकेत आणून थेट कु क्लक्स क्लॅनसमोर उभा केला. त्याला जळत्या क्रुसाला बांधलेला दाखवला. आणि त्याच वर्षी चोविसाव्या अंकावर मासिक बंद. कथा अर्धवट. १९७७ला पँथर पुन्हा आला तो कशामागे? सॉलोमन राजाच्या पितळी बेडकामागे! क्लॅनवरून बेडकावर. प्रस्थापित माणूस आपल्या प्रश्नाला बगल कशी देतो ते ज्याला बघायचंय त्याने हे दोन अंक शेजारी शेजारी ठेवावेत.

२०१८ला सिनेमा आला. आपल्या पोरांनी थिएटरात शिट्या मारल्या, मीही म्हणतो बरोबर मारल्या. काळ्या माणसांचा एवढा देखणा, श्रीमंत, ताठ देश पडद्यावर कधी दिसला होता? पण जरा थांबा. त्यात किलमाँगर ओकलंडचा आहे. तो म्हणतो, हत्यारं जगभरच्या काळ्या लोकांना द्या. त्याला खुनशी करून मारलं. आणि राजाच्या बाजूने विमानं पाडणारा भला माणूस कोण? अमेरिकेच्या सीआयएचा अधिकारी! खऱ्या पँथरांच्या नशिबी कोण आलं होतं? एफबीआय आणि पोलीस. ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे शिकागोत एकवीस वर्षांच्या फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी बिछान्यात गोळ्या घातल्या. ज्या सरकारच्या पोलिसांनी पँथर मारला त्याच सरकारचा हेर पडद्यावर पँथरचा दोस्त. तिकीट काढून आपण हे बघितलं.

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. २०१६ पासून ता-नेहासी कोट्स या काळ्या लेखकाने कॉमिक्समध्ये वाकांडाची प्रजाच राजावर उठवली. प्रश्न असा की इतका शहाणा, शास्त्रात पुढारलेला देश अजून राजा कशाला सांभाळतोय? आणि राजाला शेवटी लोकांना राज्यकारभारात वाटा द्यावा लागला. पन्नास वर्षं लागली हा प्रश्न विचारायला.

*

आता आपलं पोट उघडू.

पँथर मुंबईत जन्मली आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये नागपूरला अधिवेशन भरलं तोवर फूट चव्हाट्यावर आली होती. बुद्ध की मार्क्स, यावर खूप शाई गेली. तो वाद खरा होता, मी त्याला खोटं म्हणत नाही. पण त्याच्या पोटात दुसरा वाद होता, मुखवटा कोण घालणार? १९७७ला ढाले-पवारांनी बरखास्ती जाहीर केली. मग नव्या पँथर निघाल्या, रिपब्लिकन पक्षाचे तर किती तुकडे झाले ते मोजणाऱ्याने मोजणं सोडून दिलं. प्रत्येक तुकड्याला एक गुहा, एक सिंहासन, आणि बाहेर पहाऱ्याला आपली पोट्टी. चौकातला फ्लेक्स बघा. वर बाबासाहेब, मधे कमरेएवढा नेता, खाली पावतीवरच्या तिकिटाएवढे शंभर चेहरे. हे कॉमिक्सचंच पान आहे. आणि नेत्याच्या बाजूला आता त्याचा पोरगाही उभा दिसतो. बावीसावा वेताळ!

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बजावलं होतं की राजकारणातली विभूतिपूजा अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते भाषण आपण पाठ करतो आणि घरी येऊन त्यांनाच उडवतो, डोक्यामागे प्रभामंडल लावतो, त्यांच्या हातात वीज देतो. मोबाइलवर फिरणारी ती चित्रं बघा. पोरांची माया आहे त्यात, टिंगल करत नाही. पण बाबासाहेबांना सुपरमॅन केलं की त्यांनी रात्र रात्र वाचलेली पुस्तकं जातात, रमाईच्या गोवऱ्या जातात, महाडला चालत आलेले पाय जातात. सुपरमॅनला वाचावं लागत नाही. आणि जो जन्मतःच वेगळा होता त्याच्यासारखं होण्याची जबाबदारी माझ्यावर येत नाही. मी फक्त हात जोडायचे. भक्तीचा हाच तर फायदा आहे, काम करावं लागत नाही.

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ला काय झालं? तीसुद्धा शपथच होती. पण वेताळाने शपथ घेतली ती एकट्याने, कवटीवर, आणि वारसाहक्काने पोराला दिली. बाबासाहेबांनी आधी स्वतः दीक्षा घेतली आणि मग बावीस प्रतिज्ञा समोरच्या लाखो लोकांना दिल्या. एम्प्रेस मिलच्या कामगाराने म्हटल्या, बिडी वळणाऱ्या बाईने म्हटल्या, दात पडलेल्या म्हातारीने म्हटल्या. मुखवटा एकाला नाही दिला. चेहरे सगळ्यांना दिले. दोन महिन्यांनी बाबासाहेब गेले आणि तरी गोष्ट संपली नाही, ती यामुळे. ज्या गोष्टीत हीरो गेल्यावर वारस शोधावा लागत नाही, तीच आपली गोष्ट.

आणि मोठी मालिका हवी असेल तर आपल्याकडे आहे. २७ जुलै १९७८ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव होतो. मराठवाड्यात घरं जळतात. पोचीराम कांबळेंना मारतात. ऑगस्टमध्ये नागपुरात गोळीबार होतो, आपली माणसं पडतात. १९७९ला दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च निघतो. १९९३ला नांदेडला गौतम वाघमारे स्वतःला पेटवून घेतात. १४ जानेवारी १९९४ला नाव लागतं, तेही अर्धं, नामांतराचा नामविस्तार होऊन. साडेपंधरा वर्षं! कुठल्या कंपनीने एवढी लांब कथा चालवली? आणि यात केप घातलेला कोणी नाही. पायाला फोड आलेली माणसं आहेत.

*

मग करायचं काय? काढायचं.

२०११ला 'भीमायन' निघालं. मूळ इंग्रजीत, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं. त्यांनी चौकटी मोडल्या. हीरोला डब्यात कोंबायला ते तयार झाले नाहीत. त्यात साध्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकाराच्या फुग्यात येतं आणि जातीचं विष ओकणारं बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. फुग्याचं राजकारण कोणी समजून घेतलं असेल तर या दोघांनी. त्याच साली जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वरही इंग्रजीत चित्रपुस्तक निघालं. पण माझी दोन भांडणं आहेत. एक, 'भीमायन' कशाला? शंबूकाला मारणाऱ्याच्या पोथीवरून बाबासाहेबांच्या पुस्तकाचं नाव बेतायचं? आणि दुसरं, इंग्रजीतलं महागडं पुस्तक इंदोऱ्यातल्या पोराच्या हातात पडणार कधी?

म्हणून म्हणतो, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनाला पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात. लोक पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं नेतात. त्या स्टॉलवर बत्तीस पानांचं, चहाच्या किमतीचं आपलं चित्रपुस्तक दिसलं पाहिजे. कशावर? जुलै १९४२ला याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया आल्या होत्या. ते काढा. प्रत्येक बाईला फुगा द्या. एम्प्रेस मिलचं जेवणाचं सुटीचं भोंगं काढा. लाँग मार्चमधला भाकरी बांधून देणारा हात काढा. गटार साफ करायला उतरणारा माणूस काढा, आणि त्याला गटारात उतरवणाराही नावानिशी काढा. हीरो मरतो कधी हे विचारू नका, त्याच्याबरोबर कोण कोण होतं ते विचारा.

आणि छापखाना आपला ठेवा. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन गरीब ज्यू पोरांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८ला १३० डॉलरला हक्क विकून बसले. कंपनी गब्बर झाली. त्यांना वर्षाचं निवृत्तिवेतन मिळायला आणि सुपरमॅनवर त्यांचं नाव पुन्हा यायला १९७५ साल उजाडावं लागलं. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस निर्माण करणाऱ्यांची ही गत! ताकद कागदावरच्या हातात नसते, कागदाच्या मालकाकडे असते. हे ज्याला कळलं त्यालाच 'मूकनायक' कळला.

चित्र वाकडं आलं तरी चालेल. रंग चौकटीबाहेर गेला तर जाऊ द्या. पण गादी काढू नका. आणि कोणी तुम्हाला मुखवटा द्यायला आलाच, तर तो फाडून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पहिलं चित्र काढा.

जय भीम.